यंत्राला जोड देणारा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, कल्याणच्या खडकपाड्यात किंवा डोंबिवली पूर्वेला एखाद्या नव्या इमारतीचा ताबा मिळाला, की पहिल्या महिन्यात तिच्या जिन्यांतून लाकडाच्या भुशाचा वास दरवळू लागतो. सदनिकेच्या मोकळ्या दिवाणखान्यात सुतारांची टोळी ठाण मांडते. तिच्याजवळ कंपनीचे मोठे करवतीचे टेबल क्वचितच असते. प्लायवूडचा एक तक्ता घेतला जातो, त्याला मधोमध लांब फट पाडली जाते आणि हातात धरायचे गोल पात्याचे कटर तक्त्याच्या पोटाशी उलटे आवळले जाते. फटीतून पाते वर येते आणि हातयंत्राचे करवतीचे टेबल होते. त्याच तक्त्याच्या उरलेल्या भागात आणखी एक भोक पडते. त्याखाली राउटर उलटा टांगला, की त्याच टेबलावर खोबणी पाडता येतात, फळीच्या कडांना गोलाई देता येते, कपाटाच्या दरवाज्याला नक्षीची किनार काढता येते. दहा बाय बाराच्या खोलीत दोन टेबलांना जागा नसते, म्हणून एका टेबलाला दुसऱ्याची जोड दिली जाते.

कायमच्या कारखान्यात हेच काम अधिक नीटनेटके होते. करवतीच्या टेबलाच्या बाजूला एक पंख जोडून त्यात राउटर बसवला जातो. हा पंख मूळ टेबलाच्या पातळीत तंतोतंत असावा लागतो. केसभर उंच-सखल झाला, तरी सरकणारी फळी सांध्यावर अडते आणि काप वाकडा जातो. टोकाशी लोंबणाऱ्या राउटरच्या वजनाने पंख कालांतराने खाली झुकतो, म्हणून त्याला स्वतंत्र पाय द्यावा लागतो. फळीला दिशा देणारी आधारपट्टी दोन्ही कामांना एकच चालते, मात्र ती टेबलाशी काटकोनात उभी आहे की नाही, हे प्रत्येक वेळी गुण्या लावून पाहावे लागते. राउटर चालू असताना करवतीचे पाते टेबलाखाली उतरवलेले असावे, दोन्ही यंत्रांची बटणे वेगळी असावीत, फळी राउटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवावी, असे या जोडकामाचे दंडक आहेत. प्लायवूडच्या उलट्या कटरवर पात्याचे आवरण बहुधा नसते. त्यामुळे हे दंडक मोडणाऱ्याला त्याची किंमत बोटांनी मोजावी लागते.

हाताशी आहे त्या यंत्राकडून दुसरे काम करून घेण्याची ही बुद्धी पुस्तकातून येत नाही. ती गरजेतून येते आणि हातांतून मुरते. महाराष्ट्रात या बुद्धीच्या बळावर ज्यांनी एक उद्योग, एक गाव आणि एक परंपरा उभी केली, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांच्या नावाचे पंप आज ठाणे-डोंबिवलीतल्या कितीतरी सोसायट्यांच्या तळघरांत पहाटे घरघरत गच्चीवरच्या टाक्या भरत असतात. पण त्या नावामागचा माणूस आयुष्याच्या सुरुवातीला चित्रकार व्हायला निघाला होता, हे फार थोड्यांच्या स्मरणात असते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव आज कर्नाटकात आहे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात ग्रंथांची आणि पाठांतराची परंपरा असताना या मुलाचे चित्त मात्र शाळेच्या पुस्तकात रमेना. रेघोट्या काढणे आणि यंत्रांची मोडतोड करून पाहणे, हे त्याचे दोन छंद. त्या काळच्या पांढरपेशा घरात या दोन्ही गोष्टींना प्रतिष्ठा नव्हती. थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजेच रामुअण्णा, यांनी मात्र धाकट्या भावाची ओढ ओळखली. त्यांच्या पाठबळावर १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे दोन वर्षे काढल्यावर एक क्रूर सत्य समोर आले. लक्ष्मणरावांना काही रंगांमधला भेद ओळखता येत नव्हता. रंगांधळेपणा हा जन्माचा दोष, त्याला औषध नव्हते. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणासाठी ही बातमी म्हणजे सगळे दरवाजे बंद झाल्यासारखी होती. पण रंग गेले, तरी रेघ शिल्लक होती. लक्ष्मणरावांनी रंगचित्रकला सोडली आणि यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास हाती घेतला. यंत्राच्या आराखड्यात रंगाला काम नसते. लागते ती अचूक रेघ, योग्य माप आणि नसलेली वस्तू आधी मनात उभी करण्याची शक्ती. या तिन्ही गोष्टी त्यांच्याजवळ होत्या. त्यांच्या आयुष्यातले पहिले जोडकाम हे असे झाले. चित्रकाराचा डोळा त्यांनी यंत्राला जोडला.

यांत्रिक रेखाटनाच्या जोरावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाणारी ही संस्था १८८७ मध्ये सुरू झाली आणि तेव्हा ती भायखळ्याला होती. पगार महिना पन्नास रुपये. एका मध्यमवर्गीय तरुणाने समाधान मानावे, अशी ही जागा होती. लक्ष्मणरावांचे समाधान वर्गातल्या फळ्याशी थांबले नाही. संस्थेच्या कार्यशाळेत लेथ, ड्रिल आणि वाफेची यंत्रे होती. रिकाम्या वेळात ते तिथे जाऊन कारागिरांच्या हाताखाली काम शिकू लागले. परदेशी नियतकालिकांतून येणारे यंत्रांचे आराखडे ते वाचत आणि कागदावरची यंत्रे धातूत कशी उतरतात, हे हाताने करून पाहत. शिक्षकाने कपड्यांना तेल लावून घेणे, हे त्या काळी चमत्कारिक वाटे. लक्ष्मणरावांना मात्र रेखाटन शिकवणाऱ्याने यंत्राचा आवाजही ओळखला पाहिजे, असे वाटत होते.

याच काळात किर्लोस्कर बंधूंचा पहिला व्यवसाय उभा राहिला तो सायकलींचा. सायकल तेव्हा नवलाईची आणि महागडी वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत आणि रामुअण्णा तेथे त्या विकत, लोकांना चालवायला शिकवत, दुरुस्त करून देत. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव १८८८ पासूनचे. मुंबईहून बेळगावकडे जाणारी आगगाडीची वाट ठाणे, कल्याण, बोरघाट, पुणे आणि मिरज अशी होती. आज लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करणाऱ्या नोकरदारांच्या याच मार्गावरून एका भावी कारखानदाराचे येणे-जाणे चालू होते. सायकलीच्या धंद्याने पैसा थोडा दिला, पण दुरुस्तीच्या निमित्ताने अवजारे घरात आणली. दुकानाला कार्यशाळेची जोड मिळाली आणि पुढच्या साऱ्या गोष्टी त्या जोडीतून निघाल्या.

मुंबईची नोकरी सुटण्याचे कारण मात्र सुखाचे नव्हते. संस्थेत वरच्या जागेवर बढती मिळण्याची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क असूनही ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. परक्या सत्तेच्या काळात कातडीचा रंग कामापेक्षा वरचढ ठरत असे, याचा हा रोकडा अनुभव होता. ज्या माणसाला रंगांमधला भेद नीट दिसत नव्हता, त्याच्या वाट्याला रंगभेदाचा हा फटका यावा, हा दैवाचा विचित्र खेळच म्हणायचा. लक्ष्मणराव तक्रारअर्ज करीत बसले नाहीत. त्यांनी राजीनामा दिला आणि एकोणिसावे शतक संपता संपता ते बेळगावला परतले. निवृत्तिवेतनाची हमी गेली, महिन्याचा पगार गेला. सोबत होती ती काही अवजारे आणि यंत्रांविषयीची न शमणारी भूक.

बेळगावच्या छोट्या कारखान्यात पहिल्यांदा यशस्वी झालेले उत्पादन म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. जनावरांपुढे टाकलेला लांब कडबा पायदळी जाऊन बराच वाया जात असे. बारीक कापला, की तो सगळा खाल्ला जाई. दुष्काळाच्या छायेत जगणाऱ्या प्रदेशात ही बचत शेतकऱ्याला सहज पटणारी होती. या यंत्रापाठोपाठ लक्ष्मणरावांचे लक्ष नांगराकडे गेले. दख्खनच्या काळ्या जमिनीत चालणारा लाकडी नांगर अवजड असे, तो ओढायला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत आणि तरीही तो माती पुरेशी उलथत नसे. परदेशी लोखंडी नांगर बाजारात होते, पण ते महाग होते आणि इथल्या मातीसाठी घडवलेले नव्हते. इथल्या जमिनीला आणि इथल्या बैलांना झेपेल, असा लोखंडी नांगर इथेच ओतायचा, असे लक्ष्मणरावांनी ठरवले.

लोखंडाचा नांगर ओतण्याची सुरुवात लोखंडाने होत नाही, लाकडाने होते, ही या कामातली गंमत आहे. जो भाग ओतायचा, त्याचा हुबेहूब लाकडी नमुना आधी सुताराला घडवावा लागतो. हा नमुना ओल्या वाळूत दाबून काढला, की वाळूत त्याची पोकळी उरते आणि त्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतले जाते. थंड होताना बीड आकसते, एका फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच. म्हणून नमुना तेवढ्या मापाने मोठा करावा लागतो. तो वाळूतून वर उचलताना पोकळीच्या भिंती ढासळू नयेत, यासाठी त्याच्या कडांना किंचित उतार द्यावा लागतो. सुताराच्या पटाशीची चूक शेवटी लोखंडात उमटते. नांगराच्या पंखाचा बाक हा सरळ रेघेत मापता न येणारा आकार असतो, तो हाताने आणि नजरेने साधावा लागतो. कलाशाळेत रेघ शिकलेल्या माणसाला ओतशाळेचे हे मर्म उमगले, यात नवल नाही.

नांगर तयार झाला, पण तो घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, तिच्यात पीक येत नाही, असा समज शेतकऱ्यांत पक्का होता. शिवाय लाकडी नांगर गावच्या सुताराकडे दुरुस्त होई. लोखंडी नांगर मोडला तर कोणाकडे जायचे, ही त्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती. पहिले मोजके नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. तयार माल गंजत पडलेला, भांडवल अडकलेले, कामगारांचे पगार मात्र दर महिन्याला द्यायचे. या दिवसांत हा धंदा बंद पडला असता, तर बाजाराने नाकारलेला आणखी एक हौशी माणूस, एवढीच लक्ष्मणरावांची नोंद झाली असती. त्यांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. नांगर शेतात नेऊन चालवून दाखवला, झिजणारा फाळ अधिक कठीण केला, तो बदलता येईल अशी सोय ठेवली. हळूहळू मागणी आली. शेतकऱ्याचा नकार हा त्यांनी आराखड्यातला दोष मानला आणि तो दुरुस्त केला.

धंद्याने जेमतेम मूळ धरले होते, तोच १९१० च्या सुमारास बेळगावात शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम आला. वाढत्या वस्तीने कारखान्याला हुसकावण्याची ही कथा ठाणेकरांना परकी वाटणार नाही. कारखाना म्हणजे चार भिंती नव्हेत. भट्टी, यंत्रे आणि त्यांच्याशी हात जुळलेली माणसे मिळून तो होतो. तो मोडून दुसरीकडे मांडायचा तर पैसा हवा, जागा हवी आणि सोबत यायला तयार असलेली माणसे हवीत. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावून आले. औंधच्या एका बांधकामाच्या निमित्ताने त्यांची आणि लक्ष्मणरावांची ओळख झालेली होती. स्वतः चित्रकार असलेले, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि पुढे १९३९ मध्ये आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देणारे हे संस्थानिक. त्यांनी संस्थानच्या हद्दीतली हवी ती जागा निवडण्याची मुभा दिली आणि कर्जही दिले.

लक्ष्मणरावांनी निवडली ती जागा पाहून अनेकांनी कपाळाला हात लावला असेल. पुणे-मिरज लोहमार्गावरच्या कुंडल रोड या स्थानकालगतचा तो तीसेक एकरांचा उजाड माळ होता. निवडुंग माजलेला, साप-विंचवांचा सुळसुळाट, पाण्याची वानवा. पण शेजारून आगगाडी जात होती आणि कच्चा लोखंडाचा माल आणायला व तयार नांगर पाठवायला तीच हवी होती. १० मार्च १९१० रोजी या माळावर कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली गेली. बेळगावहून आलेले मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबे पहिल्या दिवसांत तात्पुरत्या आडोशांत राहिली. निवडुंग तोडायचा, झोपड्या उभारायच्या आणि त्याच वेळी यंत्रेही मांडायची, असा तो संसार होता. या वसाहतीचे नाव पडले किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे आणि रेल्वे स्थानकालाही तेच नाव मिळाले आहे.

या माळावर लक्ष्मणरावांभोवती जमलेली माणसे पाहिली, म्हणजे त्यांची जोडकामाची दृष्टी यंत्रांपुरती मर्यादित नव्हती, हे ध्यानात येते. शंभूराव जांभेकर यांच्याकडे अभियंत्याची पदवी नव्हती, पण यंत्राची नस त्यांना कळत असे. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली होती, मात्र त्यांची कल्पकता विलक्षण होती. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. के. के. कुलकर्णी परीक्षेत यशस्वी न झालेले, पण वसाहतीतल्या पडेल त्या कामाला उभे राहणारे. पहाऱ्यासाठी लक्ष्मणरावांनी नेमले ते पूर्वी तुरुंगवास भोगलेले लोक आणि त्यांनीही हा विश्वास राखला. बाजाराने, शाळेने किंवा कायद्याने टाकाऊ ठरवलेल्या माणसांतले कोणते कौशल्य कुठे बसेल, हे त्यांना दिसत असे. किर्लोस्करवाडीत दारूला थारा नव्हता आणि अस्पृश्यतेलाही नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या महाराष्ट्रात, खेड्यापाड्यांच्या मधोमध, ही साधी गोष्ट नव्हती.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारा माल आटला. ओतशाळेला लागणारे कच्चे लोखंड मिळेना, भट्टीसाठी कोक मिळेना. मागणी वाढत असताना कारखाना बंद ठेवायची पाळी येणार होती. या अडचणीत कोल्हापूरचे शाहू महाराज उपयोगी पडले. संस्थानात पडून असलेल्या जुन्या निरुपयोगी तोफा त्यांनी कारखान्याला दिल्या. युरोपात पोलाद वितळवून तोफा ओतल्या जात असताना कुंडलच्या माळावर तोफा वितळवून नांगर ओतले गेले. कोकच्या जागी लाकडी कोळशावर काम भागवण्यात आले. हा काळ लक्ष्मणरावांच्या कसोटीचा होता, पण त्यांच्या स्वभावाला तो मानवणाराही होता. नेहमीची वस्तू नसेल, तर हाताशी असलेल्या कोणत्या वस्तूकडून ते काम करून घेता येईल, हा प्रश्न ते मुंबईच्या कार्यशाळेपासून सोडवत आले होते.

नांगरामागोमाग उसाचे लोखंडी चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि हातपंप अशी मालिका सुरू झाली. लाकडी चरकात ऊस चिपाडात बराच रस ठेवत असे, लोखंडी चरकाने तो रस गुऱ्हाळात आणला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेल्या त्या छोट्या पत्रातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांचे वाचन ज्या मासिकांनी घडवले, त्यांचे मूळ एका नांगराच्या कारखान्यात आहे. कारखान्याला छापखान्याची ही जोड मिळाली नसती, तर मराठी वाङ्मयाचा इतिहास निश्चितच वेगळा झाला असता.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून परतले. वडिलांचे शिक्षण कार्यशाळेतले, मुलाचे विद्यापीठातले. या दोन प्रकारच्या ज्ञानांत संघर्ष होण्याचा धोका अनेक घराण्यांत असतो. किर्लोस्करवाडीत ते एकमेकांना पूरक ठरले. पंप आणि तेलावर चालणारी इंजिने बनवण्याचा टप्पा या काळातला. नांगराने जमीन उलथली, आता पंप तिला पाणी देऊ लागला. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातल्या हरिहर येथे लेथ बनवण्याचा कारखाना उभा राहिला. ज्या लेथवर लक्ष्मणराव तरुणपणी रिकाम्या वेळात हात बसवत होते, तीच आता त्यांच्या नावाने देशात तयार होऊ लागली. यंत्र बनवणारे यंत्र बनवणे, ही कोणत्याही औद्योगिक समाजाच्या प्रौढत्वाची खूण असते. हरिहरचा तो कारखाना पुढे बंद पडला, मात्र त्याच्या लेथ गावोगावच्या लहान कारखान्यांत पोहोचल्या होत्या. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. बेळगावात ज्या भागातून त्यांच्या कारखान्याला निघावे लागले, त्या शहरातल्या एका रस्त्याला किर्लोस्करांचे नाव आहे. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. त्याच दशकात डोंबिवलीतही औद्योगिक वसाहत आली. जागा, पाणी, वीज आणि रस्ता एकत्र देऊन कारखानदारी वाढवायची, ही त्यामागची योजना. औंधच्या संस्थानिकाने १९१० मध्ये एका माणसासाठी जे केले, तेच राज्याने पुढे हजारोंसाठी करायचे ठरवले, असे म्हणता येईल.

आज वागळे इस्टेटमधल्या अनेक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत. डोंबिवलीत वस्ती औद्योगिक वसाहतीला येऊन भिडली आहे. कारखान्यांनी हलावे की वस्तीने, हा वाद बेळगावात शतकापूर्वी जसा होता तसाच इथे आहे. वस्तीचे म्हणणे खोटे नाही. धूर, वास आणि स्फोटांची भीती खरी आहे. पण गाळा हलवताना यंत्रांबरोबर हातांतले कसबही हलते, आणि ते नव्या जागी रुजेलच असे नाही, हेही तितकेच खरे. किर्लोस्करांना माळ मिळाला, कर्ज मिळाले आणि सोबत येणारी माणसे मिळाली. पाच-सात कामगारांच्या छोट्या गाळ्याला यांतले काय मिळते, हा प्रश्न प्रत्येक स्थलांतराच्या वेळी विचारला जायला हवा.

कल्याणच्या लाकडाच्या वखारीतून आणलेली फळी एखादा सुतार जेव्हा करवतीवर चिरतो आणि तिथल्या तिथे, त्याच टेबलाच्या पंखावर, राउटरने तिला खोबण पाडतो, तेव्हा त्याला लक्ष्मणरावांचे चरित्र ठाऊक असण्याची गरज नसते. पंख मूळ टेबलाच्या पातळीत आहे ना, त्याला आधाराचा पाय आहे ना आणि पात्यावर आवरण आहे ना, एवढे त्याने पाहिले पाहिजे. जोड कामाची ठरते ती या तीन गोष्टींनी. लक्ष्मणरावांनी आयुष्यभर ज्या जोडण्या केल्या, रेघेला यंत्राची, दुकानाला कार्यशाळेची, नापास माणसांना जबाबदारीची, त्या टिकल्या त्याचेही कारण हेच. नवी जोड बसवताना त्यांनी मूळ टेबल हलू दिले नाही.